एक दाणा उडदाचा

मोताळा, १२ फेब्रुवारी २०२४

ती. साडभाऊ उत्तमराव यांस,

रंगरावाचा नमस्कार. अक्कांना सांगा, त्यांची बहीण गीता बरी आहे. फक्त माझ्याशी बोलत नाही, कारण आठ दिवस झाले, मीच कोणाशी बोलत नाही.

फोन लावला असता, पण तुमच्या कानाचं यंत्र आणि माझा आवाज यांचं जमत नाही हे तुम्हीच सांगितलं. शिवाय मला हे कागदावर हवं आहे.

४ तारखेच्या रविवारी बंधुसेवा मंडळात माझ्या नावावर दाणे पडले आणि ६ तारखेला तुम्ही कायमचे मुलाकडे, शेखरकडे नाशिकला गेलात. आपलं नीट बोलणं राहून गेलं. नियम तुम्हीच घातलेला, तरी पुन्हा लिहितो, कारण क्रमाने लिहिलं की मला बिघाड सापडतो. बंधू अकरा. प्रत्येकाच्या हातात एक दाणा ज्वारीचा, एक उडदाचा. नवा माणूस मंडळात घ्यायचा असेल तर ज्वारी, नको असेल तर उडीद. मूठ झाकून एक दाणा मडक्यात टाकायचा, दुसरा खिशात ठेवायचा. एक जरी उडीद निघाला तरी माणूस परत. तो कोणी टाकला हे कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही.

मडक्यातून दहा ज्वारी निघाल्या आणि एक उडीद.

मी बाहेर पायरीवर होतो. नऊ वर्षं मी त्याच पायरीवर बसतो. मयताची शीतपेटी मंडळाने विकत आणली, ती दुसऱ्याच उन्हाळ्यात बसली. मग एका जुन्या डीप फ्रीजरमधून मी नवी उभी केली. मी सातवी पास. इंग्रजी तक्ते डिक्शनरी उघडून, एकेक शब्द लावून वाचले. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज १६० वर येतं, तरी ती पेटी चालते, कारण तिचा स्टॅबिलायझर मी माझ्या हाताने गुंडाळला आहे. आजवर ती २१४ घरी गेली. सगळ्या नोंदी वहीत आहेत. प्रत्येक घरी मी सोबत गेलो आणि पेटी चालू करून पहिला तासभर उभा राहिलो.

या सगळ्यात मी काही मागितलं नाही. एकदाच म्हणालो, मलाही ते निळं उपरणं द्या आणि आत बसू द्या. माझं नाव सुचवलं तेही तुम्हीच.

कोण, ते विचारत नाही. काऊन टाकला, तेवढं सांगा.

आपला साडभाऊ,
रंगराव


नाशिक, २६ फेब्रुवारी २०२४

प्रिय रंगराव,

पत्र पोचलं. इथे सातव्या मजल्यावर पत्र आलं म्हणून सुनेला आधी वाटलं, कोर्टाचा कागद आहे.

तुमच्या मनाला किती लागलं ते मी जाणतो. पण तुमच्यासारख्या माणसाच्या सेवेला उपरण्याची जरुरी नाही. तुम्ही पायरीवर बसून जे केलं ते आत बसलेल्या आम्हा अकरा जणांना जमलं नाही, हे मी चार लोकांत सांगत आलो आहे, पुढेही सांगेन.

कारण मला ठाऊक असलं तरी सांगता येणार नाही. बंधू होताना ज्या शपथा घेतल्या त्यातली ही एक. एवढंच म्हणतो, की तुम्ही फार अचूक बोलता. मागच्या दिवाळीत व्हीलचेअर वाटताना फलकावर एकवीस लिहिलं होतं आणि तुम्ही पाहुण्यांसमोर उभं राहून सतरा म्हणालात. सतराच होत्या. पण माणसाला लागतं.

उन्हाळा तोंडावर आला आहे. पेटीकडे लक्ष असू द्या.

तुमचा,
उत्तमराव


मोताळा, १५ मार्च २०२४

ती. साडभाऊ,

शपथ मोडू नका. तुम्ही जेवढं लिहिलं तेवढ्यात माझं काम झालं.

एकवीस हा आकडा फलकावर कोणी लिहायला सांगितला? उकंडरावाने. अध्यक्ष तो. पाहुण्यांसमोर तोंड कोणाचं उतरलं? त्याचंच. आता ४ तारखेचं. दाणे मोजून झाल्यावर सगळे बाहेर आले. दहा जणांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तर माझ्या खांद्यावर हात ठेवलात. उकंडराव तेवढा खाली मान घालून चप्पल शोधत राहिला. चप्पल त्याच्या समोर होती, साडभाऊ. काळी, अंगठ्याची. मला पायरीवरून दिसत होती, त्याला दिसत नव्हती.

मी मोटारीला कान लावून बिघाड सांगणारा माणूस आहे. याला तर कान लावायचीही गरज पडली नाही.

गीता म्हणते, सोडून द्या, उकंडरावभाऊ तसा माणूस नाही, तिच्या बाळंतपणात त्याच्या आईने पंधरा दिवस डबा पाठवला होता. तिला म्हटलं, आई वेगळी, पोरगा वेगळा.

पेटीचं तुम्ही लिहिलं. पेटी मंडळाची आहे, मी मंडळाचा नाही. दर महिन्याला जाऊन मी ती एक तास चालवून बघत असे. फेब्रुवारीत गेलो नाही, मार्चमध्येही जाणार नाही. अकरा बंधू आहेत, त्यांनी बघावं.

रंगराव


नाशिक, २ एप्रिल २०२४

प्रिय रंगराव,

तुमच्या तर्काबद्दल मी होही म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. नियम तसा आहे आणि तो मोडायला मी सुरुवात केली तर उरलेल्या नियमांना काय अर्थ राहील.

पण पेटीचा राग धरू नका. ती ज्याच्या घरी जाते त्याने दाणे टाकलेले नसतात. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा त्याच्यावर थोडा विचार करा.

सुभद्राचे गुडघे जास्त दुखतात. इथे लिफ्ट आहे तेवढं बरं.

उत्तमराव


मोताळा, २२ मे २०२४

ती. साडभाऊ,

हे पत्र अक्कांना वाचून दाखवू नका.

१९ तारखेला, रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उकंडरावाची आई कौशल्याबाई गेल्या. वय शहाऐंशी. तुम्हाला फोनवर कळलंच असेल. जे फोनवर कळलं नसेल ते लिहितो.

त्यांची मुलगी सिंधूताई आसामात, तेजपूरला असते. जावई सैन्यात आहेत. विमान, मग रेल्वे, मग मलकापूरहून गाडी, अशी ती मंगळवारी सकाळी पोचणार होती. आदल्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर गेलेला. म्हणजे पेटी दोन दिवस लागणार होती. पावणेसातला पेटी ओसरीत आणून लावली, ती सुरू झाली नाही. सातला मला उकंडरावाचा फोन आला.

मी गेलो. गेलो नसतो तर बरं झालं असतं, पण गेलो. बटण दाबलं. पेटी चार सेकंद गुणगुणली, टिक वाजलं, बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. साडभाऊ, हा आवाज मी झोपेतही ओळखतो. कॉम्प्रेसर चालू करणारा रिले जळालेला. काडेपेटीएवढी वस्तू. ती माझ्या पिशवीच्या डाव्या कप्प्यात होती. बसवायला बारा मिनिटं लागतात.

मी गुडघ्यावर बसलो, मागची जाळी काढली, आत पाहिलं, जाळी परत लावली. चारही स्क्रू नीट आवळले. मग उठून म्हणालो, "कॉम्प्रेसर जाम हाय. जळगावाहून आणा लागीन. दोन दिवस."

"काईच नाही होत, रंगाभाऊ?" उकंडरावाने विचारलं.

"नाई."

त्याने उपरण्याने तोंड पुसलं आणि पोराला म्हणाला, भाऊले पाणी दे. मी ते पाणी प्यालो.

मलकापूरची पेटी दुसऱ्या गावी गेलेली होती, बुलढाण्याचीही. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या अकरापर्यंत निम्म्या झाल्या. ओसरीतून पाणी अंगणात आलं, बाया पदर नाकाला लावून बसल्या. दुपारी वडीलधाऱ्यांनी उकंडरावाला बाजूला घेऊन समजावलं. तो ऐकेना, मग ऐकलं. चार वाजता तिरडी उचलली. सिंधूताईला मोबाईलवर तोंड दाखवत होते. ती विमानतळावर कुठेतरी बाकावर बसलेली दिसत होती. चित्र अडकत होतं. एकदा अडकलं ते अडकलंच, तिचं तोंड उघडं राहिलं तसं. कोणीतरी फोन बंद केला.

मी स्मशानात गेलो होतो, मागे उभा होतो.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. घरी येऊन जेवताना थोडा वेळ वाटलंही, खोटं कशाला लिहू. गीताने विचारलं, पेटीचं काय गेलं होतं? मी म्हटलं, कॉम्प्रेसर. तिला माझ्या संगतीने सगळ्या पार्टची नावं येतात. तिने पिशवी उघडून पाहिली, रिले हातात घेतला, परत ठेवला आणि पिशवी खुंटीला अडकवली. तेव्हापासून ती ताट वाढते आणि आत जाते.

तीस वर्षांत मी बिघाड चुकीचा सांगितलेला नाही. हा पहिला. पण सुरुवात मी केली नाही, ती फेब्रुवारीत झाली. तुम्ही मास्तर आहात, सांगा, यात माझं कुठे चुकलं?

रंगराव


नाशिक, ३ जून २०२४

रंगराव,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. सुभद्राला वाचून दाखवलं नाही, तिने ते स्वतः काढून वाचलं. तिने मला जे म्हटलं ते मी लिहिणार नाही.

उकंडरावाने ज्वारी टाकली होती. मला ठाऊक आहे, कारण उडीद माझा होता.

आता पूर्ण वाचा, कागद फाडू नका. तुमचं नाव मी सुचवलं, कारण तुम्ही सांगितलंत आणि नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. पण दाणा टाकायच्या वेळी मला गोकुळ आठवला. वैकुंठरथ त्याने सात वर्षं स्वतः चालवला, पावसापाण्यात, सोनाळ्यापर्यंत. आम्ही त्याला बंधू केला, उपरणं दिलं, आत बसवला. पुढच्याच महिन्यात तो म्हणाला, आता ड्रायव्हर पाहा, बंधूने स्टेअरिंग धरलेलं बरं दिसत नाही. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. आत बसलं की माणसाला ते आपोआप कळतं. मी स्वतः बंधू होण्याआधी पाणपोईचे रांजण घासत असे. नंतर एकदाही घासला नाही. रथ कुठे आहे तुम्हाला माहीत आहे. चाकांवर बसला आहे, आत कोंबड्या जातात.

मला वाटलं, रंगराव आत आले की पेटीही तशीच जाईल. तालुक्यात तिला हात लावणारा दुसरा माणूस नाही. दोनशे चौदा घरं मी एका बाजूला ठेवली आणि तुमचं उपरणं दुसऱ्या बाजूला. पेटी चालू राहावी म्हणून मी तुम्हाला पायरीवर ठेवलं. आणि तुम्ही उकंडरावावर संशय घेतलात तेव्हा गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर माझं नाव निघालं असतं. नियमाचं मी जे लिहिलं ते त्यासाठी होतं.

तुम्ही विचारलंत कुठे चुकलं. तुमचं चुकलं ते तुम्हाला माहीत आहे. माझं मी लिहिलं.

उत्तमराव


मोताळा, १८ जून २०२४

उत्तमराव,

पत्र मिळाल्यावर दहा दिवस लिहिलं नाही. लिहिलं असतं ते पाठवण्यासारखं नव्हतं. तुम्ही मला माणूस म्हणून मोजलं नाही, पेटीचा एक पार्ट म्हणून मोजलं. तोही कधी न जळणारा. एवढंच लिहून तो विषय संपवतो, कारण दुसरी अडचण उभी राहिली आहे.

परवा, १६ तारखेला, उकंडराव आणि सिंधूताई माझ्या घरी आले. ती दुसऱ्या दिवशी तेजपूरला परत जाणार होती. गीताने चहा केला. सिंधूताई बराच वेळ गीताशीच बोलली, आईने पाठवलेल्या डब्याचंही निघालं. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं,

"भाऊ, पेटी सुरू झाली असती तं माय मंगळवारपर्यंत राह्यली असती का?"

गीता दारात उभी होती. मी म्हटलं, सांगता येत नाही. साडभाऊ, सांगता येतं. उणे दोनवर ठेवली असती तर गुरुवारपर्यंत राहिली असती.

मग उकंडराव बोलला. म्हणाला, फेब्रुवारीत तुमच्यावर अन्याय झाला, मी अध्यक्ष असून काही करू शकलो नाही, बाहेर आलो तेव्हा तुमच्या तोंडाकडे पाहायची हिंमत झाली नाही. यावेळी नाव मी स्वतः सुचवतो. १४ जुलैला दाणे ठेवले आहेत.

म्हणजे चप्पल त्याला शरमेने दिसत नव्हती. मी बिघाड बरोबर पकडला होता, फक्त मशीन दुसरीच होती.

मी त्याला तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण गीता म्हणाली, घ्या भाऊ, चहा थंडा होऊन राह्यला, आणि मी पुन्हा मिटलं. नको म्हटलं तर तो विचारणार, काऊन? काऊनचं उत्तर एकच आहे, आणि ते दिलं तर या गावात मला कोणी दारात उभं करणार नाही. आणि खरं लिहायचं तर मला ते उपरणं अजूनही हवं आहे. हे लिहिताना हात थांबला, पण लिहिलं.

म्हणून तुमच्याकडे मागतो. परगावच्या बंधूने आपला दाणा पाकिटात घालून पाठवायचा आणि ते पाकीट शेवटी सगळ्यांसमोर फोडायचं, हाही तुमचाच नियम. तुम्ही उडीद पाठवा. फेब्रुवारीत टाकला तसाच. तेव्हा मला तो लागू नव्हता, आता आहे. फरक एवढाच की यावेळी तो तुमचा आहे हे दहाही जणांना दिसेल. त्यांनी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी अडवणार नाही.

रंगराव


नाशिक, ५ जुलै २०२४

प्रिय रंगराव,

पाकीट आज स्पीड पोस्टने उकंडरावांच्या पत्त्यावर टाकलं. मी फार विचार केला. आयुष्यात एकदा तरी योग्य दाणा पडावा अशी माझी इच्छा आहे. सुभद्रा अजून माझ्याशी बोलत नाही.

उत्तमराव


मोताळा, १५ जुलै २०२४

उत्तमराव,

काल सकाळी अकरा वाजता सभा झाली. तुम्ही नव्हतात, म्हणून क्रमाने लिहितो.

मडक्यातून दहा ज्वारी निघाल्या. मग उकंडरावाने तुमचं पाकीट सगळ्यांना दाखवलं, शिक्का फोडला आणि तळहातावर उपडं केलं. मी पायरीवर होतो, पण दार उघडं होतं. टपोरा, पांढरा दाणा. आपल्याकडचा नाही, नाशिकच्या दुकानातला असावा. टाळ्या झाल्या. कोणीतरी म्हणालं, उत्तमराव मास्तरांचं मन मोठं आहे.

तुम्ही तुमचं नाव वाचवलं आणि त्याला योग्य दाणा म्हणता. तुम्हाला कोणी काऊन विचारू नये म्हणून ज्वारी पाठवलीत. मी तुम्हाला जास्त बोलू शकत नाही. दार उघडं होतं, मी आत जाऊन बोलू शकलो असतो. मी चपला काढल्या आणि आत जाऊन मान वाकवली.

उपरणं उकंडरावाने स्वतः गळ्यात घातलं. मग पहिला ठराव त्यानेच मांडला. कौशल्याबाईंच्या नावाने मंडळ नवी शीतपेटी घेणार आहे, कंपनीची. जुनी भंगारात जाईल. मी म्हणालो, जुनी चालू होऊ शकते, मी बघतो. सगळे हसले, चांगल्या मनाने हसले. गोकुळ म्हणाला, "आता तुमी बंधू हाय, भाऊ. पाना धराले दुसरा माणूस पाहू ना." त्यावर कोणाचा विरोध झाला नाही. माझाही झाला नाही. म्हणजे तुमचा हिशोब बरोबर होता, हे तुम्हाला कळवणं माझं काम आहे.

सभा संपल्यावर उकंडरावाने माझा हात धरला. सगळे चहाकडे गेले होते.

"त्या दिवशी सात जणाले फोन लावला," तो म्हणाला. "कोनी उचलला नाही, कोनी म्हने येतो. तेवढ्या उन्हात एक तुमीच आले. मी ते इसरनार नाही, रंगाभाऊ."

मी हाव म्हणालो.

घरी आलो तेव्हा गीता दारात होती. तिने उपरणं पाहिलं आणि बाजूला झाली, एखाद्या पाहुण्याला वाट द्यावी तशी.

यापुढे पत्र पाठवू नका, मीही पाठवणार नाही. नोंदीसाठी एवढं कळवतो, की आतल्या खोलीत माझी खुर्ची उजवीकडून तिसरी आहे. शेजारची उकंडरावाची. काल सभा संपेपर्यंत त्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

बंधू,
रंगराव